न बोलावता आलेला पाहुणा : वृद्धांच्या प्रतिबंधक गृहभेटींचा इतिहास

#थ्रेड

१/ कोपनहेगन शहराला लागून रोडोव्हर नावाचे एक उपनगर आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी तेथे पंचाहत्तरी गाठलेल्या वा ओलांडलेल्या २८५ नागरिकांच्या दारावर दर तीन महिन्यांनी एक थाप पडू लागली. दार उघडणाऱ्यांनी कोणालाही बोलावलेले नव्हते. बहुतेकांची काही तक्रारही नव्हती. आलेली व्यक्ती बसे, प्रश्न विचारी, ऐकून घेई आणि निघून जाई.

तीन वर्षांनंतर या भेटींचा जो हिशेब मांडला गेला, त्याने एका देशाचा कायदा बदलला. पुढे जगभर त्यावर वाद झाला आणि तो अद्याप शमलेला नाही. आजचा धागा या न बोलावता आलेल्या पाहुण्याविषयी.

२/ मित्रांनो, आरंभ थोडा मागून करावा लागेल. १८५९ साली लिव्हरपूलमधील व्यापारी विल्यम रॅथबोन यांच्या पत्नीचे निधन झाले. तिच्या अखेरच्या आजारात मेरी रॉबिन्सन या परिचारिकेने घरी राहून शुश्रूषा केली होती. पैसा असलेल्या घरात जे सुख मिळाले, ते गरिबाच्या खोलीत का मिळू नये, या विचाराने रॅथबोन यांनी तिलाच शहरातील गरीब वस्तीत रुग्णसेवेसाठी नेमले. इंग्लंडमधील संघटित गृहपरिचर्येचा उगम येथे मानला जातो.

मात्र ही परिचारिका आजार जडल्यानंतर जात असे. आजाराच्या आधी घरी जाण्याची कल्पना वेगळ्या वाटेने आली.

३/ १८६२ च्या सुमारास मँचेस्टर आणि सॅलफर्ड येथील महिलांच्या आरोग्यसुधारणा संस्थेने गरीब वस्त्यांत घरोघरी जाणाऱ्या स्त्रिया नेमल्या. स्वच्छता, पाणी, बाळाचा आहार यांविषयी सांगणे हे त्यांचे काम. पुढे यातूनच ‘हेल्थ व्हिजिटर’ हा ब्रिटिश व्यवसाय उभा राहिला.

येथे रोग नसतानाही दार ठोठावले जात होते. परंतु त्या दारामागे पाहायचे होते ते बाळ आणि त्याची आई. घरातल्या कोपऱ्यात बसलेल्या म्हातारीकडे पाहण्याचे कोणाला प्रयोजन वाटले नाही. बालमृत्यू टाळता येतात, हे समाजाने स्वीकारले होते. वार्धक्यातही काही टाळता येते, हे स्वीकारायला आणखी शंभर वर्षे जावी लागली.

४/ असे का? कारण वार्धक्य हाच आजार समजला जात होता, आणि त्यावर उपाय नाही हे गृहीत होते. १९३५ साली लंडनच्या पश्चिमेकडील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारच्या दरिद्रालयाचे रुग्णगृह ताब्यात घेतले. तेथील सातशेहून अधिक रुग्णांची जबाबदारी डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे आली. वृद्ध, पक्षाघाताने अधू झालेले, विस्मरणाने ग्रासलेले, असे सारे एकत्र खाटांवर पडून होते. अनेकांचे नीट निदानही झालेले नव्हते.

वॉरन यांनी प्रत्येकाची तपासणी केली, रुग्णांची वर्गवारी केली, त्यांना उठवून बसवले, चालायला शिकवले. ज्यांची आशा सोडण्यात आली होती, त्यांपैकी कितीतरी जण घरी परतले.

५/ १९४३ आणि १९४६ मध्ये वॉरन यांनी वैद्यकीय नियतकालिकांत आपला अनुभव मांडला. त्यांच्या कामातून एक गोष्ट स्पष्ट झाली. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या दुर्दशेत वयाचा वाटा होता, तसा दुर्लक्षाचाही होता. पडून राहिल्याने स्नायू गळतात, सांधे आखडतात, मन खचते, आणि मग ‘वयच झाले’ असे म्हणून सारे त्यावर पडदा टाकतात.

यातूनच पुढचा प्रश्न उभा राहिला. रुग्णालयात येईपर्यंत जर इतका उशीर होत असेल, तर त्याआधी घरी काय घडत असते?

६/ हा प्रश्न घेऊन घराघरांत गेले ते वुल्व्हरहॅम्प्टनचे डॉक्टर जोसेफ शेल्डन. दुसरे महायुद्ध संपत असताना त्यांनी नफील्ड प्रतिष्ठानच्या साहाय्याने त्या औद्योगिक शहरातील वृद्धांची पाहणी हाती घेतली. नावे निवडली ती शिधापत्रिकांच्या नोंदींतून. युद्धकाळात शिधा सर्वांनाच लागत होता, त्यामुळे रुग्णालयाच्या पुस्तकात ज्यांचे नाव कधी आले नाही, अशी माणसेही त्या यादीत होती.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबून दाद द्यावी. साधन एका कामासाठी निर्माण झाले, आणि त्याने दुसऱ्याच काळोखावर उजेड पाडला.

७/ १९४८ मध्ये शेल्डन यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील चित्र अनेक समजुतींना धक्का देणारे होते. बहुसंख्य वृद्ध संस्थांत राहत नव्हते, ते आपापल्या घरी वा मुलामुलींच्या आसऱ्याने राहत होते. त्यांचा भार कुटुंब, विशेषतः घरातील स्त्रिया, मुकाट्याने वाहत होत्या. पायांची दुखणी, चक्कर, आणि घरातल्या घरात होणारे पडणे ही त्यांच्या दिवसाला बेड्या घालणारी कारणे होती.

पडण्याचा विषय शेल्डन यांनी पुढेही सोडला नाही. १९६० मध्ये त्यांनी वार्धक्यातील पडण्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. जिना, अंधार, उंबरठा यांसारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींना त्यांनी वैद्यकाच्या विचारकक्षेत आणून बसवले.

८/ दरम्यान स्कॉटलंडमध्ये दुसरा प्रयोग सुरू झाला. ग्लासगोजवळील रदरग्लेन येथे १९५२ मध्ये फर्ग्युसन अँडरसन आणि नेर्न कोवन या दोन डॉक्टरांनी प्रौढ व वृद्धांसाठी सल्लाकेंद्र उघडले. आजारी पडण्यापूर्वीच माणसाची तपासणी व्हावी, हा त्यामागील हेतू होता. याच अँडरसन यांना पुढे १९६५ मध्ये ग्लासगो विद्यापीठात वृद्धवैद्यकाचे प्राध्यापकपद मिळाले. या विषयाचे ते जगातील पहिले अध्यासन मानले जाते.

परंतु केंद्र कितीही चांगले असले, तरी तेथे चालत यावे लागते. ज्याला घराचा जिना उतरवत नाही, तो तेथे पोचणार कसा?

९/ याचे उत्तर १९६४ मध्ये एडिंबरामधून आले. डॉ. जेम्स विल्यमसन आणि सहकाऱ्यांनी तीन दवाखान्यांच्या नोंदवहीतील ६५ वर्षांवरील २०० जणांची पाहणी केली आणि ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. प्रत्येकात सरासरी तीनहून अधिक व्याधी आढळल्या. त्यांपैकी निम्म्याहून अधिक त्यांच्या स्वतःच्या डॉक्टरांना ठाऊकच नव्हत्या!

हृदयाचे आणि फुप्फुसाचे विकार डॉक्टरांना बहुतांशी माहीत होते. अज्ञात राहिले होते ते पायांचे त्रास, लघवीवरील ताबा सुटणे, खिन्नता, बुद्धिभ्रंश. थोडक्यात, जे सांगायला लाज वाटते किंवा जे सांगण्याजोगे वाटत नाही, ते सारे.

१०/ मराठीत यासाठी नेमका शब्दप्रयोग आहे : दुखणे अंगावर काढणे. ‘आता वय झालं, चालायचंच’ असे म्हणणारी आजी आपल्याकडे घरोघरी भेटते, आणि एडिंबरामधली आजीही तेच करत होती. ती डॉक्टरांपासून मुद्दाम काही लपवत नव्हती. गुडघा दुखणे, ऐकू कमी येणे, रात्री चारदा उठावे लागणे हा तिच्या लेखी आजारच नव्हता.

आधुनिक वैद्यकव्यवस्था तक्रारीवर चालते. रुग्ण तक्रार घेऊन येतो, डॉक्टर उपाय सांगतो. जो तक्रार करत नाही, तो या व्यवस्थेला दिसत नाही. विल्यमसन यांच्या पाहणीचा अर्थ एवढाच होता : वाट पाहत बसू नका, जाऊन विचारा.

११/ आता पुन्हा डेन्मार्ककडे वळू. तेथे घरभेटीची परंपरा नवी नव्हती. बालमृत्यू कमी करण्यासाठी १९३७ च्या कायद्याने तान्ह्या बाळांच्या घरी जाणाऱ्या आरोग्य परिचारिकांची सोय केली होती. चार दशकांनी देशापुढे वेगळा प्रश्न होता. लोक दीर्घायुषी झाले होते, वृद्धाश्रम आणि रुग्णालये भरत होती, खर्च वाढत होता.

१९७९ ते १९८२ या काळात काम करणाऱ्या वृद्धविषयक आयोगाने तीन तत्त्वे मांडली : वृद्धाच्या जीवनात सातत्य राहावे, निर्णय त्याचा त्याने घ्यावा, आणि त्याच्या उरलेल्या सामर्थ्याचा उपयोग व्हावा. १९८७ च्या कायद्याने तर जुन्या पद्धतीचे नवे वृद्धाश्रम बांधणेच थांबवले. म्हातारपण घरीच काढायचे, तर त्या घराकडे कोणीतरी लक्ष द्यायला हवे होते.

१२/ रोडोव्हरचा प्रयोग याच वातावरणातला. कार्स्टन हेन्ड्रिक्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७५ व त्याहून अधिक वयाच्या नागरिकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, निव्वळ योगायोगाने, दोन गट पाडले. २८५ जणांना दर तीन महिन्यांनी भेट द्यायची, आणि २८७ जणांचे जसे चालले आहे तसेच चालू द्यायचे.

हे निष्ठुर वाटेल. पण भेटीने खरोखर काही साधते का, हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. केवळ भेटीला राजी असणाऱ्यांचीच पाहणी केली असती, तर ते मुळातच अधिक धडधाकट होते की काय, ही शंका कायम उरली असती.

१३/ भेटीत काय घडे? प्रकृती कशी आहे, घरात काय अडते, मदत कोणाची मिळते याची विचारपूस होई. गरजेनुसार घरकामाला मदतनीस, एखादे सहायक साधन, घरात लहानसा बदल किंवा डॉक्टरांशी संपर्क अशी व्यवस्था लावली जाई. यात चमत्कार कोणताच नव्हता.

१९८४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तीन वर्षांचा हिशेब आला. रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग भेटीच्या गटात २१९, दुसऱ्या गटात २७१. वृद्धाश्रमात जाणारे २० विरुद्ध २९. मृत्यू ५६ विरुद्ध ७५.

१४/ या आकड्यांतील एक बारकावा महत्त्वाचा आहे. रुग्णालयातील दाखल्यांचा फरक मुख्यतः प्रयोगाच्या उत्तरार्धात दिसला. पहिल्या काही भेटींनी फारसे काही बदलले नाही. ओळख व्हायला, विश्वास बसायला, आणि ‘मला काही त्रास नाही’ या वाक्यामागचे दुसरे वाक्य बाहेर यायला वेळ लागला असावा. संशोधकांनीही भेट मिळालेल्या वृद्धांना वाटू लागलेला आश्वस्तपणा हा एक मोठा लाभ असल्याचे नमूद केले.

कोणीतरी पुन्हा येणार आहे, ही खात्री हेच कदाचित निम्मे औषध होते.

१५/ डेन्मार्कच्या संसदेने पुढे कायदा केला. १ जुलै १९९६ पासून नगरपालिकांनी प्रथम ८० वर्षांवरील नागरिकांना, आणि १९९८ पासून ७५ वर्षांवरील सर्वांना वर्षातून दोन प्रतिबंधक गृहभेटी देऊ करणे बंधनकारक झाले.

‘देऊ करणे’ हे शब्द नीट वाचावेत. बंधन नगरपालिकेवर होते, वृद्धावर नव्हते. नागरिक नको म्हणू शकत होता, आणि अनेक जण तसे म्हणतही. ज्या राज्यसंस्थेला प्रत्येक दारावर थाप मारण्याची सत्ता आहे, तिने उंबरठ्याबाहेर थांबून ‘येऊ का?’ असे विचारणे, हा या कायद्यातील सर्वांत सुसंस्कृत भाग म्हणावा लागेल.

१६/ ब्रिटनने याहून आधीच पाऊल उचलले होते. १९९० च्या नव्या करारानुसार प्रत्येक सामान्य डॉक्टरने आपल्या यादीतील ७५ वर्षांवरील व्यक्तींना दरवर्षी गृहभेट देऊ करायची होती. दृष्टी, श्रवण, चालणे, मनःस्थिती, लघवीवरील ताबा, औषधे, घरची परिस्थिती अशी पाहायची यादीही ठरली.

डॉक्टर नाराज झाले. वेळ कोठून आणायचा आणि याचा उपयोग काय, हे त्यांचे प्रश्न रास्त होते. अनेक ठिकाणी भेट म्हणजे एक तक्ता भरणे होऊन बसले. कल्पना तीच होती, पण सरकारी नमुन्यात उतरताना तिचा प्राण हरवू लागला.

१७/ मग झाली आजवरची एक प्रचंड चाचणी. ब्रिटनमधील १०६ दवाखाने, ४३,२१९ वृद्ध. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : सर्वांची सखोल तपासणी करा किंवा निवडकांचीच करा, मृत्यू वा रुग्णालयातील दाखले यांत नगण्य फरक पडतो. त्याच वर्षीच्या नव्या करारात ब्रिटिश डॉक्टरांवरील ती सक्तीही संपली.

येथे घाई करू नये. ही तुलना ‘भेट’ विरुद्ध ‘भेट नाही’ अशी नव्हती. प्राथमिक प्रश्नावली दोन्ही गटांना मिळालीच होती. त्यामुळे ‘विचारपूस निरुपयोगी ठरली’ असा अर्थ काढणे चूक. सर्वांना एकाच साच्यातून काढल्याने जादा लाभ झाला नाही, इतकेच सिद्ध झाले.

१८/ याउलट अमेरिकेतील सांता मोनिका येथील चाचणी पाहा. आंद्रेआस श्टुक आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ती प्रसिद्ध केली. ४१४ वृद्धांपैकी निम्म्यांच्या घरी वृद्धसेवेत विशेष प्रशिक्षित परिचारिका वर्षातून एकदा सविस्तर तपासणी करीत आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा जात. तीन वर्षांत कायमचे वृद्धाश्रमात जाणारे भेटीच्या गटात ४ टक्के, दुसऱ्यात १० टक्के.

याच श्टुक यांनी मग स्वित्झर्लंडमधील बर्न येथे तोच प्रयोग केला. २००० साली आलेले उत्तर संमिश्र होते. तुलनेने सुदृढ वृद्धांना लाभ झाला, आधीच खचलेल्यांना झाला नाही. शिवाय एका परिचारिकेच्या विभागात लाभ दिसलाच नाही. तिला घरोघरी समस्याच कमी सापडल्या होत्या. दार तेच, प्रश्न तेच, पण विचारणारी व्यक्ती वेगळी होती.

१९/ २००१ मध्ये लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी जर्जरतेची मोजता येणारी व्याख्या दिली. नकळत घटलेले वजन, सततचा थकवा, हाताची सैल पकड, मंदावलेली चाल, कमी झालेली हालचाल. या पाचांपैकी तीन खुणा असतील तर माणूस जर्जर समजावा. जर्जरता म्हणजे निव्वळ वय नव्हे. लहानसा धक्काही सोसण्याची ताकद संपणे म्हणजे जर्जरता.

आता बर्नचे कोडे थोडे उलगडते. पूर्ण मोडल्यावर आलेली भेट उशिराची ठरते. २००२ मध्ये १८ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा वृद्धाश्रमातील प्रवेश घटले ते नऊहून अधिक वेळा पाठपुरावा झालेल्या ठिकाणीच. तरीही वाद मिटला नाही. २०१४ च्या ६४ चाचण्यांच्या आढाव्यात सरसकट, सातत्याने दिसणारा लाभ सापडला नाही.

२०/ मग डेन्मार्कने कायदा गुंडाळला का? नाही. तेथील संशोधकांनी प्रश्नच बदलला. भेट द्यावी की नाही, हे विचारण्याऐवजी भेट देणाऱ्याला शिकवले तर काय होते, हे त्यांनी पाहिले. ३४ नगरपालिकांपैकी निम्म्यांतील भेटकर्त्यांना नियमित प्रशिक्षण देण्यात आले. तीन वर्षांनी तेथील ८० वर्षांच्या वृद्धांची हिंडण्याफिरण्याची क्षमता अधिक टिकून राहिल्याचे दिसले. ७५ वर्षांच्यांत तसा स्पष्ट फरक नव्हता.

२०१६ मध्ये कायदाही सुधारला गेला. ७५ व्या वर्षी एक भेट, ८० नंतर दरवर्षी, आणि ६५ ते ७९ या वयातील ज्यांना धोका अधिक आहे त्यांच्यासाठी गरजेप्रमाणे. सर्वांना सारखेच देण्याकडून ज्याला हवे त्याला अधिक देण्याकडे हा प्रवास झाला.

२१/ या दीडशे वर्षांच्या कथेतून काय हाती लागते? दोन टोकांची उत्तरे सोपी आहेत. ‘घरभेटीने प्राण वाचतात’ हे रोडोव्हरच्या आकड्यांवरून म्हणता येईल, आणि ‘काही उपयोग नाही’ हे २००४ च्या आकड्यांवरून. दोन्ही वाक्ये अर्धी आहेत.

पुरावे एकत्र ठेवले तर दिसते ते असे : भेट वेळेत व्हावी, एकदा होऊन थांबू नये, येणाऱ्याला पाहता व ऐकता यावे, आणि जे आढळेल त्यावर पुढे काहीतरी घडावे. यांतील एक कडी तुटली की उरतो तो भरलेला तक्ता.

२२/ वॉरन, शेल्डन, विल्यमसन, हेन्ड्रिक्सेन यांच्यात एक समान धागा आहे. ‘वयच झाले’ या दोन शब्दांवर त्यांनी विश्वास ठेवला नाही. त्यांनी कोणते नवे औषध शोधले नाही. ज्याच्याकडे कोणी पाहत नव्हते, तेथे जाऊन पाहिले, एवढेच.

सुट्टीत आजीआजोबांकडे गेलात तर ‘कशी आहेस?’ एवढ्यावर थांबू नका. त्याचे उत्तर ‘बरी आहे’ हेच येणार. रात्री किती वेळा उठावे लागते, न्हाणीघरात कशाला धरून उभी राहतेस, गेल्या वर्षभरात कधी पडलीस का, हे विचारून पाहा. आणि मग पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा.

धागा येथे पूर्ण.